धीर द्यायचा तर दुसऱ्यांदा जा

घरातलं कुणी गेलं की पहिल्या दिवशी मंडळी लोटते. खुर्च्या येतात, चहा होतो, चर्चचे पाळकसाहेब येतात, भक्तिगीतं होतात, कबरस्तानापर्यंत माणसांची रांग लागते. तिसऱ्या आठवड्यात त्याच घरची बाई बँकेच्या काउंटरवर एकटी उभी असते. मृत्यूच्या दाखल्याच्या किती प्रती काढायच्या, हे सांगायलासुद्धा तिच्यासोबत कुणी नसतं. आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये प्रेम कमी आहे असं मला अजिबात वाटत नाही. ते पहिल्याच दिवशी सगळं खर्च होतं, एवढंच.

पवित्र शास्त्रात धीर देणारी माणसं शोधायला लागलं की एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: ती परत येतात. 1 राजे 19 मध्ये एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला जागं करतो, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी देतो. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो. त्याबद्दल त्याला कुणी रागवत नाही. दूत दुसऱ्यांदा येतो, पुन्हा हात लावून उठवतो, पुन्हा खायला देतो. पुढचा लांबचा प्रवास एलीया त्या दुसऱ्या जेवणाच्या बळावर करतो. येशूच्या दृष्टांतातल्या, वाटेत जखमी पडलेल्याला सराईत पोचवणाऱ्या चांगल्या शोमरोन्याचंही तेच. तो सराईवाल्याच्या हातावर दोन दीनार ठेवतो आणि जास्त खर्च झाला तर परत येईन तेव्हा देईन, असं सांगून जातो.

हे रोजच्या जगण्यात कसं करायचं, ते आता पायरी पायरीने पाहू.

पहिली पायरी: एक किंवा दोनच नावं धरा

मदतीची गरज असलेली माणसं शंभर असतात, म्हणून आपण कुणाकडेच जात नाही. तेव्हा एक छोटी वही घ्या आणि तिच्यात फक्त दोन नावं लिहा. एक मंडळीतलं, एक मंडळीबाहेरचं.

नावं सुचण्यासाठी रविवारच्या उपासनेत जरा डोळे उघडे ठेवा. नेहमी दिसणारं कोण गेले दोन रविवार दिसलं नाही? आशीर्वाद होताच, कुणाशी न बोलता कोण निघून जातं? अंथरुणाला खिळलेल्या सासूला एकटीच सांभाळणारी सून, एमपीएससीची परीक्षा पुन्हा हुकलेला मुलगा, लग्न होऊन परगावाहून आलेली आणि अजून कुणाशी ओळख नसलेली मुलगी, निवृत्तीनंतर अचानक गप्प झालेले मास्तर. मंडळीबाहेरही बघा. सोसायटीचा रात्रपाळीचा वॉचमन, घरकामाच्या मावशी, समोरच्या फ्लॅटमधले एकटे राहणारे आजोबा.

आपल्या समाजातल्या नर्सबाई मी मुद्दाम वेगळ्या काढते. डॉ. वानलेस यांनी 1894 मध्ये मिरजेत मिशन हॉस्पिटल उभारलं. तेव्हापासून मराठी ख्रिस्ती घरांत परिचर्येची परंपराच पडली. आजही कितीतरी कुटुंबांत एक तरी नर्स असते. दिवसभर दुसऱ्यांना धीर देणाऱ्या या बाईला घरी आल्यावर कुणी विचारत नाही. तिचं नाव वहीत असू द्या.

नाव लिहिलं की रोज त्या माणसासाठी प्रार्थना करा. लांबलचक नको. भाजी चिरतानाही होते: प्रभू, अमक्याला आज काय जड जातंय ते मला दाखव. आठवडाभर अशी प्रार्थना केली की नजर बदलते. त्या माणसाची चप्पल तुटली आहे, त्यांनी चष्म्याची काडी दोऱ्याने बांधली आहे, असं बारीकसारीक दिसायला लागतं.

दुसरी पायरी: दिवस, वेळ आणि काम सांगूनच विचारा

“काही लागलं तर हक्काने सांगा.” आपण हे मनापासून म्हणतो, पण त्याने सगळा भार समोरच्यावर पडतो. दुःखातल्या माणसाने आधी गरज ओळखायची, मग लाज बाजूला ठेवायची, मग फोन करायचा. असा फोन सहसा येत नाही. याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात हेच सुनावलं आहे: उघड्यानागड्या, उपाशी भावाला नुसतं ‘सुखाने जा, ऊब घे, तृप्त हो’ म्हटलं, तर त्याचा उपयोग काय?

म्हणून असं विचारा: “मंगळवारी संध्याकाळी सात वाजता जेवणाचा डबा आणते. चौघांचा. चालेल ना?” किंवा, “शनिवारी दुपारी मी आईंजवळ दोन तास बसतो, तुम्ही जरा बाहेर जाऊन या.” समोरच्याला फक्त हो किंवा नको म्हणायचं राहतं.

डब्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण आपल्याकडे दयाळूपणा बहुतेक वेळा डब्यातूनच पोचतो. आधी पथ्य विचारा. मधुमेह, रक्तदाब, किडनीचा त्रास यात मिठापासून भातापर्यंत सगळं बदलतं. दवाखान्यात रुग्णाला तिथलंच जेवण असेल, तर डबा सोबत थांबलेल्या माणसासाठी न्या. तो बिचारा दोन दिवस वडापावावर काढत असतो. पोळी-सुकी भाजी, दशम्या, गूळ-शेंगदाणे असं न सांडणारं, न आंबणारं द्या. आणि डबा असा निवडा की तो परत आला नाही तरी तुम्हाला चालेल. आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. ज्या घरात चूलच धड पेटत नाही, त्या घरावर हे वळण पाळण्याचं ओझं घालू नका. आइस्क्रीमचा धुतलेला डबा चालतो, “परत द्यायचा नाही हं” असं सांगून द्यायचा.

सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात बसलेल्या नातेवाइकाला काय लागतं, हे तिथे रात्र काढल्याशिवाय कळत नाही. चटई, पांघरूण, गरम पाण्याचा थर्मास, मोबाइलचा चार्जर, सुटे पैसे, लिहायला पेन. त्याहून मोठी गरज म्हणजे दोन तासांची सुट्टी, घरी जाऊन आंघोळ करून येण्यापुरती. आमच्या मंडळीत एक निवृत्त नर्सबाई आहेत. त्या भेटीला जाताना पर्समध्ये नेलकटर आणि खोबरेल तेलाची छोटी बाटली ठेवतात. रुग्णाच्या खाटेशेजारी स्टूल ओढून त्याचा हात आपल्या मांडीवर घेतात आणि एकेक नख कापतात. नखं कापून झाली की बोटांना तेल चोळतात. बोलणं फारसं होत नाही. अर्धांगवायूने आडवा झालेला एक रिक्षावाला कुणाशी बोलत नव्हता. तिसऱ्या बोटाला त्याने त्यांना विचारलं, “सिस्टर, परत कधी येणार?”

कागदपत्रांची मदत हीसुद्धा ख्रिस्ती सेवाच आहे, आणि शिकलेल्या तरुणांनी ती अंगावर घ्यावी. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत केली तर शुल्क लागत नाही. दाखल्याच्या जास्तीच्या प्रती तेव्हाच काढून ठेवा. बँक, विमा, पेन्शन, गॅस जोडणी, वीजबिल, शेत असेल तर तलाठ्याकडे वारसनोंद, अशा सगळीकडे त्या लागतात. आजारपणात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना लागू होते का, हे योजनेत असलेल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव असतात. तिथल्या समाजसेवकाला भेटायचं आणि रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला सोबत न्यायचा. बिलाचा आकडा पाहून हादरलेल्या कुटुंबासाठी कुणीतरी ही धावपळ केली, तर त्यापुढे कुठल्याही शब्दांची गरज उरत नाही.

तिसरी पायरी: बोलताना नेमकं बोला, आणि कमी बोला

‘तुम्ही फार चांगले आहात’ हे कानाला गोड लागतं आणि विसरलं जातं. काय केलं आणि त्याने काय झालं, ते सांगा. “रविवारी कोरसमध्ये तू आल्टोचा सूर सोडला नाहीस, म्हणून आम्ही सगळे सावरलो.” “तुम्ही वडिलांशी ज्या आवाजात बोलता ना, तो ऐकून मी माझ्या घरी तसं बोलायला लागलो.” प्रेषित पौल रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात माणसांची नावं घेऊन सलाम सांगतो, आणि बऱ्याच नावांपुढे त्या माणसाने काय केलं ते लिहितो. रूफाच्या आईबद्दल तर ती मलाही आईसारखी आहे, असं म्हणतो. ते पत्र रोममध्ये वाचलं गेलं तेव्हा ती बाई तिथे बसलेली असेल, तर तिला काय वाटलं असेल!

व्हॉट्सअ‍ॅपवर सकाळी फुलांच्या चित्रावरचं वचन पाठवणं सोपं आहे. त्याला माझी हरकत नाही, पण तेच चित्र साठ जणांना गेलंय, हे घेणाऱ्यालाही ठाऊक असतं. त्याऐवजी आठवड्यातून एकाला स्वतःची दोन वाक्यं लिहा. लिहायचा कंटाळा असेल तर आवाज रेकॉर्ड करून पाठवा. वयस्कर माणसं असा संदेश पुन्हा पुन्हा ऐकतात. ‘उत्तर नाही दिलं तरी चालेल’ हे शेवटी जरूर सांगा.

शोकाच्या घरात काय बोलू नये, हे जास्त महत्त्वाचं. “देवाची इच्छा होती.” “लहान वयात गेला, पापापासून सुटला.” “निदान दुसरं मूल तरी आहे.” आणि सर्वांत निर्दय म्हणजे, “प्रार्थनेत विश्वास कमी पडला असेल.” हे शेवटचं वाक्य मी स्वतः घराघरांतून ऐकलं आहे. ज्या आईने रात्र रात्र गुडघ्यांवर काढली, तिच्या पदरात मुलाच्या मरणाबरोबर दोषही टाकायचा, याला सांत्वन म्हणता येत नाही. तुमच्यासमोर कुणी असं बोललं तर तिथल्या तिथे, शांतपणे त्यांना थांबवा. त्या घरासाठी तो मोठा आधार असतो.

सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री जमिनीवर त्याच्याजवळ काही न बोलता बसले. तोवर ते उत्तम मित्र होते. तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं. रोमकरांस पत्र 12:15 मध्येही समजावण्याची आज्ञा नाही: “आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद करा आणि शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा.” काय बोलावं सुचत नसेल तर “मला काही सुचत नाहीये, पण मी इथे बसते” एवढं पुरेसं आहे. गेलेल्या माणसाचं नाव घ्यायला मात्र घाबरू नका. “पपा असे हसायचे ना!” असं म्हटलं की घरच्यांना रडू येईल. येऊ द्या. पुढे कुणी ते नाव घेईनासंच होतं, आणि ते त्यांना जास्त लागतं.

वचन वाचायचं असेल तर विचारून वाचा. पहिल्या दिवसांत सर्व गोष्टी मिळून कल्याण होतं, हे वचन नको. ते खरं आहे, पण ते त्या माणसाने स्वतः, आपल्या वेळेने म्हणायचं असतं. स्तोत्र 23 बहुतेकांना पाठ असतं, सोबत म्हणता येतं. मन अगदी काळवंडलेलं असेल तर स्तोत्र 88 वाचून पाहा. ते काळोखातच संपतं, शेवटी समाधान वगैरे काही नाही, आणि तरीही ते प्रार्थनेच्या पुस्तकात आहे. इतकी निराशाही देवापुढे मांडता येते, हे कळून काही माणसांना पहिल्यांदा मोकळं वाटतं.

चौथी पायरी: परत जाण्याची तारीख आजच लिहा

माझ्या मते सगळ्यात जास्त वजन या पायरीला आहे. पहिली भेट झाली की घरी येऊन मोबाइलमध्ये आठवणी लावा. तीन आठवड्यांनी. तीन महिन्यांनी. गेलेल्याच्या वाढदिवसाला. लग्नाच्या वाढदिवसाला. वर्ष भरेल तेव्हा. नोकरी गेलेली असेल तर दर महिन्याच्या पगाराच्या तारखेच्या आसपास, कारण घरभाडं आणि शाळेची फी तेव्हाच दारात उभी राहते. ऑपरेशन झालं असेल तर टाके निघाल्यावर. तोवर भेटायला येणारे संपलेले असतात आणि अशक्तपणा तसाच असतो.

पहिला नाताळ विशेष लक्षात ठेवा. कॅरोल गाणारी मुलं शोकाच्या घराचं दार चुकवून पुढे जातात. त्यांना वाटतं, उगाच त्रास कशाला. पण वगळलं जाणं हाही एक त्रास असतो. आधी एकट्याने जाऊन विचारा: “या वर्षी मुलांना पाठवू का? की नुसतं एक गाणं, हळू आवाजात?” चांदणी लावायला स्टूलवर चढणारं माणूस त्या घरातून गेलेलं असेल तर तुम्ही चढा. त्यांना लावायची नसेल तर करंज्यांची ताटली ठेवून थोडा वेळ बसा.

अनेसिफर नावाच्या माणसाचा उल्लेख तीमथ्याला दुसरं पत्र यात आहे. पौल रोममध्ये कैदेत होता. अनेसिफराने त्याच्या बेड्यांची लाज धरली नाही, त्याला कसून शोधून काढलं आणि अनेकदा त्याला ताजंतवानं केलं. आपल्याकडे लाजेमुळेच माणसं एकटी पडतात. घटस्फोट, दारू, तुरुंग, मुलीने घरच्यांना न विचारता केलेलं लग्न. अशा घरी मुद्दाम जा, दिवसाउजेडी, सगळ्यांच्या देखत.

बर्णबाने हेच दोनदा केलं. यरुशलेमात सगळे शौलाला, म्हणजे पुढच्या पौलाला, भीत होते, तेव्हा त्याला हाताशी धरून प्रेषितांकडे घेऊन गेला तो बर्णबा. पुढे त्यांचा सोबती मार्क प्रवासात अर्ध्या वाटेवरून परत गेला आणि पौल त्याला पुन्हा सोबत घ्यायला तयार होईना, तेव्हा पौलाशी तीव्र मतभेद पत्करून मार्कला सोबत नेणाराही बर्णबाच. काही वर्षांनी तोच पौल लिहितो, मार्कला घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे.

पाचवी पायरी: खचलेल्या माणसाला काम द्या

सतत मदत घेणारा माणूस आतून लहान होत जातो. म्हणून थोडं सावरल्यावर त्याच्याकडे काही मागा. निवृत्त मास्तरांना संडे स्कूलच्या मुलांचं शुद्धलेखन तपासायला द्या. एकट्या राहिलेल्या बाईंना प्रीतिभोजनासाठी मसाल्याचं प्रमाण विचारा आणि तोच मसाला वापरा. परीक्षेत अपयश आलेल्या मुलाला दहावीच्या पोरांना गणित शिकवायला बोलवा.

पंडिता रमाबाईंनी हे फार मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं. 1896–97 च्या दुष्काळात त्यांनी शेकडो निराधार मुलींना आणि बायकांना केडगावला आसरा दिला. पण अन्न-वस्त्रावर त्या थांबल्या नाहीत. मुक्ती सदनात बायका विणकाम, शिवण, शेती आणि छपाईही शिकल्या. रमाबाईंनी केलेलं पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर तिथल्याच छापखान्यात, बायकांच्या हातांनी छापलं गेलं. दुष्काळात टाकून दिलेल्या मुलीच्या हातात छपाईचे खिळे जुळवायचं काम देणं, याहून मोठा धीर कोणता असेल?

इतर धर्मांच्या शेजाऱ्यांकडे जाताना

बिनशर्त जा. डब्यात पत्रक घालू नका. मदतीच्या बदल्यात उपासनेला येण्याची अपेक्षा नको, सूचनाही नको. ज्याचा मुलगा आयसीयूत आहे, त्याची अडचण ही आपली संधी नाही. शेजारी उपासाला काय खातात, घरात अंडं चालतं का, हे आधी विचारून घ्या. रमजानमध्ये संध्याकाळच्या वेळेला खजूर घेऊन जा. प्रार्थना करावीशी वाटली तर “तुमच्यासाठी मी घरी प्रार्थना केली तर चालेल का?” असं विचारा. बहुतेक जण हो म्हणतात. कुणी नको म्हटलं तर मान राखा, आणि पुढच्या आठवड्यात तितक्याच आपुलकीने जा. “तुम्ही हे का करता?” असं कुणी आपणहून विचारलं तर मात्र आडपडदा नको. प्रभू येशूने माझ्यावर आधी प्रीती केली म्हणून, हे उत्तर खरं आहे आणि ते सौम्यपणे देता येतं.

काही मर्यादा, ज्या पाळाव्याच लागतात

“प्रार्थनेसाठी म्हणून सांगते हं…” अशी सुरुवात करून कितीतरी घरांची गुपितं मंडळीभर झाली आहेत. विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्या माणसाची परवानगी असेल तरच पुढे न्या. प्रार्थना-सभेत नाव न घेताही प्रार्थना होते. देवाला पत्ता सांगावा लागत नाही.

पैसे द्यायचे तर विसरता येतील एवढेच द्या, आणि उसने म्हणून देऊ नका. उसनवारीत माणूस तुमच्याकडे यायचं टाळू लागतो, आणि मग धीर देण्याचा रस्ताच बंद होतो. रक्कम मोठी लागत असेल तर पाळकसाहेबांमार्फत, मंडळीच्या निधीतून, पाकिटात घालून द्या.

एकट्या बाईच्या घरी पुरुषांनी बायकोला किंवा कुणा वडीलधाऱ्यांना सोबत घेऊन जावं. भेट वीस-पंचवीस मिनिटांची ठेवा. घरची माणसं थांबायचा आग्रह करतील, तो खरा की शिष्टाचाराचा, हे चेहऱ्यावरून कळतं.

कुणी जीव नकोसा झाल्याचं बोललं तर ते हसण्यावारी नेऊ नका आणि केवळ प्रार्थनेवरही सोडू नका. मनात आत्महत्येचा विचार येतो का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार वाढत नाही. त्या वेळी माणसाला एकटं सोडू नका, घरच्यांना कळवा, मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन जा. टेली-मानसची 14416 ही सरकारी सेवा चोवीस तास आणि मोफत आहे, तिथे मराठीत बोलता येतं. घरात मारहाण होत असेल तर 181 ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे, तातडीला 112. अशा वेळी बाईला ‘सहन कर, क्रूस उचल’ असा सल्ला देणं पाप आहे, असंच मी म्हणेन.

आणि कुणी दारच उघडलं नाही तर? आतून “आज नको” असं आलं तर “बरं, मी पुन्हा कधीतरी येईन” म्हणून परत फिरा. रुसू नका, मंडळीत बोलू नका. संध्याकाळी एक ओळीचा संदेश ठेवा, उत्तराची वाट पाहू नका. दोन आठवडे जाऊ द्या. मग आधी फोन करा आणि घरी यायचं न म्हणता, बाजारात जातेय, तुमच्यासाठी काय आणू, असं विचारा. तरीही नको म्हणाले तर वहीतलं नाव खोडू नका. त्यांना तुमच्याऐवजी दुसरं कुणी जवळचं वाटत असेल. ते कोण, हे शोधा आणि त्या माणसाला त्यांच्याकडे पाठवा.